‘डिस्क्लोज’चा अर्थ आणि वापर: फॉर्म भरताना, अर्ज लिहिताना, सही करताना

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरात भिंतीवर दोन भाषांतली पाटी असते. इंग्रजी पाटीत ‘डिस्क्लोजर ऑफ सेक्स ऑफ द फीटस’ला बंदी आहे. हाच शब्द आरोग्य विम्याच्या फॉर्मवर भेटतो, आणि तिथे न सांगणं महागात पडतं. माहितीच्या अधिकारात तो सरकारी कार्यालयाला बोलायला लावतो. मिहान या उद्योगक्षेत्रातल्या कंपनीच्या जॉइनिंगच्या कागदांत तो तुमचंच तोंड बंद करतो. शब्द एकच, पण प्रत्येक ठिकाणी बोलायचं कोणी आणि गप्प राहायचं कोणी हे बदलतं. म्हणून डिक्शनरीतला ‘उघड करणे’ एवढा अर्थ पाठ करून भागत नाही.

आधी अर्थ नक्की करू. एखादी माहिती एकाकडे आहे, दुसऱ्याकडे नाही आणि ती सहज कळण्यासारखीही नाही; अशी माहिती त्या दुसऱ्यापुढे मांडणं म्हणजे डिस्क्लोज करणं. ‘क्लोज’ला उलटवणारा ‘डिस’ पुढे लागलाय, एवढं लक्षात ठेवलं तरी शब्द हातातून निसटत नाही. उच्चारात जोर ‘क्लो’वर असतो आणि शेवटी ‘स’ नाही, ‘झ’ येतो.

आता चाचणी घ्या. कळमना मार्केटमध्ये आज संत्र्याचा भाव काय निघाला, हे कोणी ‘डिस्क्लोज’ करत नाही. तो लिलावात सगळ्यांदेखत पुकारला जातो. पण व्यापाऱ्याने तोच माल पुढे दिल्लीला कितीला विकला, हे त्याने बागायतदाराला सांगितलं तर तिथे हा शब्द चपखल बसतो. तसंच मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्याचं हवामान खातं ‘डिस्क्लोज’ करत नाही. त्यात झाकलेलं काय होतं? घामाघूम झालेल्या अख्ख्या शहराला ते आधीच ठाऊक असतं.

पहिली पायरी: माहिती कोणाकडून कोणाकडे जातेय?

कागदावर हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा आणि तीन गोष्टी शोधा: सांगणार कोण, सांगायचं काय, आणि कोणाला. इंग्रजी वाक्याची रचनाही याच तीन खुंट्यांवर असते. कर्ता, मग क्रियापद, मग माहिती, मग ‘टु’ लावून ऐकणारा. ‘द प्रपोजर शॅल डिस्क्लोज ऑल मटेरियल फॅक्ट्स टु द इन्शुरर.’ इथे प्रपोजर म्हणजे तुम्ही, इन्शुरर म्हणजे विमा कंपनी. ‘शॅल’ आलंय म्हणजे सवलत नाही, सांगावंच लागेल. ‘मे डिस्क्लोज’ असतं तर परवानगी झाली असती, आणि ‘शॅल नॉट डिस्क्लोज’ असतं तर मनाई. अख्ख्या वाक्याचं वजन या छोट्या सहायक क्रियापदावर असतं. लोक नेमकं तेच वगळून वाचतात.

कर्मणी प्रयोगात कर्ता गायब होतो, तिथे जास्त जपून. ‘कस्टमर डेटा मे बी डिस्क्लोज्ड टु थर्ड पार्टीज.’ कोण डिस्क्लोज करणार ते लिहिलेलंच नाही, पण माहिती तुमची आहे आणि ती तिसऱ्याच्या हाती जाणार आहे. लोन देणाऱ्या अ‍ॅपवर ‘आय अग्री’ दाबण्याआधी शोधायचं वाक्य हेच.

दुसरी पायरी: वाक्य नीट बांधा

मराठीतून विचार करताना दोन चुका हमखास होतात. पहिली, ‘डिस्क्लोज अबाउट’. आपण ‘आजाराबद्दल सांगितलं’ म्हणतो, म्हणून ‘अबाउट’ आपोआप येतं. इंग्रजीत हे क्रियापद कर्म थेट घेतं: ‘शी डिस्क्लोज्ड हर इलनेस.’ ‘डिस्कस अबाउट’ ही त्याच कुळातली चूक. दुसरी, ‘ही डिस्क्लोज्ड मी द अमाउंट’. ‘टेल’ आणि ‘गिव्ह’ला व्यक्ती लगेच पुढे चालते, याला चालत नाही. ‘ही डिस्क्लोज्ड द अमाउंट टु मी’ असंच लिहावं लागतं. पूर्ण वाक्य जोडायचं असेल तर ‘दॅट’ घ्या: ‘द कंपनी डिस्क्लोज्ड दॅट इट हॅड लॉस्ट द डेटा.’ हो की नाही असा प्रश्न असेल तर ‘व्हेदर’.

व्याकरण बरोबर असूनही वाक्य विचित्र वाटू शकतं. ‘प्लीज डिस्क्लोज युवर मोबाइल नंबर टु मी’ यात चूक काहीच नाही, पण समोरच्याला सीताबर्डी पोलीस ठाण्यात बसल्यासारखं वाटेल. नंबर ‘शेअर’ करतात, लग्नाची तारीख ‘टेल’ करतात, निकाल ‘डिक्लेअर’ होतो. डिस्क्लोज येतो तो उत्पन्न, मालमत्ता, ओळख, आजार, हितसंबंध, पैशाचा स्रोत अशा शब्दांसोबत. जिथे लपवण्याला कारण असू शकतं, तिथे.

शेजारच्या शब्दांबद्दल थोडक्यात. ‘रिव्हील’मध्ये पडदा बाजूला केल्याचा भाव असतो, कर्तव्याचा नाही. ‘डायव्हल्ज’ म्हणजे जे राखून ठेवायचं होतं ते बोलून टाकणं, म्हणून तो बहुधा नकारासोबत येतो. ‘डिसेमिनेट’ म्हणजे सगळीकडे पोहोचवणं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये माहितीचा व्यापक प्रसार सांगताना तोच वापरलाय. ‘इन्फॉर्म’ची रचना उलटी चालते, आधी माणूस आणि मग माहिती: ‘इन्फॉर्म द बँक ऑफ द चेंज.’ आणि आपल्या सरकारी पत्रांचा लाडका ‘काइंडली इंटिमेट’! भारतीय कार्यालयांत तो ‘कळवावे’ या अर्थी राजरोस चालतो, पण परदेशातल्या माणसाला लिहिताना टाळा. त्याच्या कानाला तो आधी जवळिकीचा शब्द वाटेल.

एकाला सांगणं आणि सगळ्यांसाठी छापणं यातला फरक बातम्यांतून चांगला कळतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा स्टेट बँकेने रोख्यांचा तपशील निवडणूक आयोगाला द्यायचा आणि आयोगाने तो आपल्या वेबसाइटवर टाकायचा, असा आदेश होता. पहिल्या टप्प्यात माहिती एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे गेली. ती तुमच्या-माझ्यापर्यंत आली ते दुसऱ्या टप्प्यात, आणि त्याला ‘पब्लिश’ म्हणतात.

तिसरी पायरी: सांगायचं तुम्हाला असेल तेव्हा

विम्याचा प्रपोजल फॉर्म ही या शब्दाची सगळ्यात कठीण परीक्षा. एजंट म्हणतो, ‘भाऊ, तुम्ही फक्त सही मारा, बाकी मी भरतो.’ तो चांगलाच माणूस असेल, पण सही तुमची आहे आणि सांगण्याची जबाबदारीही तुमचीच. ‘मटेरियल फॅक्ट’ म्हणजे अशी बाब, जी कळली असती तर कंपनीने विमा नाकारला असता, हप्ता वाढवला असता किंवा अट घातली असती. ही बाब महत्त्वाची आहे का हे आपण ठरवायला बसलो की घोळ होतो. शुगरची एक गोळी सुरू आहे, त्यात काय एवढं, असं आपल्याला वाटतं. पण प्रश्न विचारलाय म्हणजे त्यांच्या लेखी ती बाब महत्त्वाची आहे.

लिहिताना वर्ष, नाव आणि सध्याची स्थिती एवढं द्या. ‘डायग्नोज्ड विथ टाइप टू डायबिटीज इन २०१९, ऑन टॅब्लेट्स, नो हॉस्पिटलायझेशन’ हे पुरेसं आहे. ‘स्लाइट शुगर’ असं मोघम लिहिलं तर क्लेमच्या वेळी तेच ओळखून वाचणारा कोणी भेटेलच असं नाही. विदर्भात सिकलसेलची तपासणी बऱ्याच घरांत झालेली असते. ‘एएस’ म्हणजे नुसता वाहक असलेला माणूस स्वतःला आजारी समजत नाही, ते बरोबरही आहे. पण रक्ताच्या विकाराबद्दल किंवा आधीच्या तपासण्यांबद्दल प्रश्न असेल तर ‘ट्रेट, नॉट डिसीज’ असं लिहून रिपोर्टची प्रत जोडा. लपवलं नाही आणि वाढवूनही सांगितलं नाही, असा हा मधला रस्ता.

पॉलिसी घरी आली की तुमच्या प्रपोजलमध्ये नेमकं काय भरलंय ते वाचा. त्यात प्रश्नापुढे ‘नो’ छापून आलं असेल आणि खरं उत्तर ‘येस’ असेल, तर लगेच लेखी दुरुस्ती मागा. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांचा ‘फ्री लुक’ काळ असतो, त्यात ती परतही करता येते. मुदतींचा हिशोबही ठेवा. आयुर्विम्यात विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ प्रमाणे ३ वर्षांनंतर पॉलिसीला आव्हान देता येत नाही. आरोग्य विम्यात सलग ६० महिने झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती न दिल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. पण या मुदतींच्या भरवशावर काही दडवणं म्हणजे पहिल्या वर्षीच आजारपण आलं तर हात वर करणं.

नोकरीच्या चारित्र्य पडताळणीचा फॉर्म याच जातीचा. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारी पोरं लेखी आणि शारीरिक चाचणी पार करतात आणि इथे अडकतात. प्रश्नातला काळ बघा. ‘आर एनी केसेस पेंडिंग’ असं विचारलं तर आज सुरू असलेली प्रकरणं. ‘हॅव यू एव्हर बीन अरेस्टेड ऑर प्रॉसिक्यूटेड’ असेल तर सुटका झालेलं, तडजोडीत मिटलेलं, सगळंच. तो इंग्रजी ‘एव्हर’ चार अक्षरांचा आहे आणि त्यानेच निवडी रद्द झाल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात (२०१६) म्हटलं आहे की माहिती खरी हवी, काही दडवलेलं नको. मात्र किरकोळ प्रकरण असेल तर नेमणूक करणाऱ्याला ते माफ करण्याचा विवेक वापरता येतो. म्हणजे कॉलेजच्या वयातलं किरकोळ भांडण लिहून टाकलेल्याला वाव असतो. तेच लपवलं तर भांडण बाजूला राहतं आणि लपवणं हाच मुद्दा होतो.

चौथी पायरी: सांगायचं त्यांनी असेल तेव्हा

आता बाजू बदलते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला आणि त्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबी कोणी न मागता उघड करायच्या आहेत: अधिकाऱ्यांची कामं, पगार, अंदाजपत्रक, परवाने कोणाला दिले, जन माहिती अधिकारी कोण. म्हणून अर्ज करण्याआधी त्या कार्यालयाची वेबसाइट आणि फलक पाहा. मागायची माहिती तिथेच असेल तर महिना वाचतो.

नसेल तर अर्ज. इथे नागपूरकरांचा एक नेहमीचा गोंधळ सांगतो. मेडिकल आणि मेयो ही रुग्णालयं राज्य सरकारची, तर मिहानमधलं एम्स केंद्राचं. रेल्वे, पोस्ट, भविष्यनिर्वाह निधी हेही केंद्राचे. महापालिका, जिल्हाधिकारी कार्यालय, नागपूर सुधार प्रन्यास हे राज्याच्या नियमांत येतात. राज्यासाठी अर्ज ‘जोडपत्र अ’ मध्ये, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. विषय एकच आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत, असा महाराष्ट्राचा २०१२ चा नियम आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. माहिती कशासाठी हवी हे लिहायची गरज नाही. कारण विचारलंच तर कलम ६(२) दाखवा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं हे त्यांचं काम.

अर्जाच्या भाषेत या शब्दाचा अर्थ फार उपयोगी पडतो. जे अस्तित्वात आहे आणि कागदावर आहे, तेच उघड करता येतं. ‘आमच्या गल्लीचा रस्ता का झाला नाही?’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेलं नसतं, म्हणून ‘माहिती उपलब्ध नाही’ असं छापील उत्तर येतं आणि माणूस चिडतो. त्याऐवजी असं मागा: ‘अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या प्रती, आणि कंत्राटदाराला दिलेल्या देयकांचा तपशील, कालावधी अमुक ते अमुक.’ कागदाचं नाव घेतलं की टाळाटाळीला जागा उरत नाही. मला विचाराल तर अख्ख्या अर्जातलं खरं कसब एवढंच, बाकी सगळी कारकुनी.

उत्तराची मुदत ३० दिवस, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. नकार आला तर तो कलम ८ च्या कोणत्या उपकलमाखाली आणि का, अपील कोणाकडे आणि किती दिवसांत, हे उत्तरात असायलाच हवं. कागदाचा एखादा भागच गोपनीय असेल तर तेवढा वगळून बाकीचा द्यावा लागतो, ते कलम १०. पहिलं अपील ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, दुसरं ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. दोन्हींना २० रुपयांचा स्टॅम्प. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

घर-प्लॉट घेताना उघड करण्याचं ओझं बिल्डरवर असतं. बेसा, बेलतरोडी, वर्धा रोड, उमरेड रोड, कुठेही बुकिंगची रक्कम देण्याआधी महारेरा या गृहनिर्माण नियामकाच्या वेबसाइटवर प्रकल्पाचा क्रमांक टाकून तपासा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे, तो स्कॅन केला तरी चालतं. तिथे मंजूर नकाशा, जमिनीच्या मालकीचा अहवाल, ‘एन्कम्ब्रन्स’ म्हणजे बोजा, ‘लिटिगेशन’ म्हणजे सुरू असलेले दावे आणि पूर्णत्वाची तारीख असते. ‘निल’ लिहिलंय की जागा कोरी सोडलीय, हे बघा. ‘निल’ हे विधान आहे, त्याला धरता येतं. सेल्समन ‘आरएल झालेला आहे, काही टेन्शन नाही’ म्हणाला तर त्या आरएलची, म्हणजे प्लॉट नियमित केल्याच्या ‘रिलीज लेटर’ची, प्रत मागा. तोंडी सांगणं हे या अर्थी डिस्क्लोजर नाहीच.

बँकेच्या बाबतीत एकच सांगतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं, आणि त्यात न दाखवलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. त्यातला ‘एपीआर’चा, म्हणजे सगळे आकार धरून येणाऱ्या वार्षिक दराचा, आकडा वाचा. खरा व्याजदर तो.

पाचवी पायरी: कोणीच सांगायचं नसतं तेव्हा

‘नॉन-डिस्क्लोजर अ‍ॅग्रीमेंट’चं लघुरूप एनडीए. पेपर वाचणाऱ्याला त्यात आघाडी दिसते, बारावीच्या पोराला खडकवासला, आणि मिहानमध्ये रुजू होणाऱ्याला हा करार. सही करण्याआधी ‘कॉन्फिडेन्शियल इन्फर्मेशन’ची व्याख्या वाचा. ‘ऑल इन्फर्मेशन’ असं सरसकट असेल तर ‘जी आधीच सार्वजनिक आहे ती वगळून’ अशी ओळ आहे का बघा. नंतर मुदत: दोन वर्षं की कायमचं? आणि शेवटी ‘अ‍ॅज रिक्वायर्ड बाय लॉ’ हा अपवाद आहे का, कारण न्यायालयाने किंवा तपास यंत्रणेने विचारल्यावर बोलावंच लागतं. नसेल तर एचआरला मेलवर विचारा. फोनवर नको, उत्तर लेखी राहू द्या.

रील बनवणाऱ्यांसाठी मात्र नियम उलटा आहे. तर्री पोह्यांची प्लेट फुकट मिळाली, सावजी भोजनालयाने पैसे दिले, किंवा नुसती सवलत दिली, तरी ते प्रेक्षकांना सांगायचं आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या सूचनांप्रमाणे ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’ असा साधा शब्द, रीलच्याच भाषेत आणि सहज दिसेल असा. हॅशटॅगच्या गर्दीत दडवलेला चालत नाही.

आणि जिथे ‘शॅल नॉट’ला अपवाद फारच थोडे, ती जागा म्हणजे पीडितेची ओळख. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे बलात्कार पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही छापणं-प्रसिद्ध करणं यासाठी २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अल्पवयीन मुलांसाठी पॉक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. कायद्यात ‘नाव’ एवढंच नाही, ओळख पटवणारा कुठलाही तपशील येतो: शाळा, गल्ली, वडिलांचं दुकान, चेहरा धूसर केलेला पण गणवेश स्पष्ट दिसणारा फोटो. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा मेसेज आला तर ‘न्याय मिळालाच पाहिजे’ असं लिहून पुढे ढकलणारासुद्धा अडचणीत येऊ शकतो. मेसेज पुढे पाठवू नका, आणि अ‍ॅडमिनला तो ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करायला सांगा. एचआयव्हीची स्थितीही तशीच: २०१७ च्या कायद्याने कोणालाही ती सांगायला भाग पाडता येत नाही, अपवाद न्यायालयाच्या आदेशाचा. घरमालकाने किंवा नातेवाइकाने विचारलं, तर ‘आय अ‍ॅम नॉट रिक्वायर्ड टु डिस्क्लोज दॅट’ एवढं वाक्य पुरतं.